तळेगाव रोहीची वल्ही

मुक्ताईनगरला पाण्याचा तोटा नाही. बऱ्हाणपूरकडून तापी येते, वऱ्हाडातून पूर्णा येते, चांगदेवला दोघींचा संगम होतो आणि पुढे हतनूरचं धरण दोघींना अडवतं. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की बातमी थेट सुरतेपर्यंत पोचते. एरवी हे पाणी आमच्या केळीला, दीपनगरच्या वीजकेंद्राला जातं आणि उरलेलं चांगदेवाच्या देवळाखाली नुसतं पसरून असतं. हिवाळ्यात त्यावर परदेशी बदकं उतरतात, दुर्बिणी लावून माणसं बघायला येतात.

ऑक्टोबरात गढूळपणा ओसरला की संगमावर उभं राहून भोई-कोळ्यांची पोरं बघावीत. नाव प्रत्येकाकडे नसते. थर्माकोलचे जाड ठोकळे जुन्या जाळ्यात करकचून बांधायचे, त्यावर मांडी घालून बसायचं, दोन्ही हातांत फळीचे दोन तुकडे घ्यायचे आणि निघायचं. वळायचं झालं तर पोरगा एका हाताची फळी पाण्यात उभी रोवून नुसती धरून ठेवतो आणि दुसऱ्या हाताने ओढतो. ठोकळा जागच्या जागी गर्रकन फिरतो. जाळं सोडताना तोल एका कुशीवर जातो, तो कमरेतून सावरतो, वरचं अंग हलतसुद्धा नाही. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि यात काही शिकण्यासारखं आहे असं त्याला वाटतही नसावं.

एवढं पाणी, एवढे हात. तरी जळगाव जिल्ह्यातून वल्ही घेऊन ऑलिंपिकला कुणी गेलं नाही. गेला तो चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू बबन भोकनळ. चांदवड म्हणजे नाशिक जिल्ह्यातला टँकरचा तालुका. तिथे पाऊस चांगला झाला तर कांदा होतो, नाही झाला तर माणसं निफाडकडे मजुरीला जातात. अशा गावात वडिलांच्या हाताखाली विहिरी खोदणारा मुलगा २०१६ साली रिओ दि जानेरोच्या तलावात भारताची एकमेव होडी घेऊन उतरला. गेली काही वर्षं ही गोष्ट ‘जिद्दीची कहाणी’ या मथळ्याखाली एवढ्यांदा छापून आली आहे की तिच्यातला खरा प्रश्न बाजूलाच राहिला. विहीर खोदणाऱ्याच्या हातात वल्हं आलं कसं? आणि काठावर जन्मलेल्याच्या हातात ते का आलं नाही?

दत्तूचा जन्म ५ एप्रिल १९९१ चा. विहिरीचं काम ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना सांगायला नको, पण शहरात वाढलेल्या वाचकासाठी सांगतो. सुरुंग उडाला की खाली उतरायचं, फुटलेला दगड पाटीत भरायचा, पाटी वर जाईपर्यंत दुसरी भरायची. पाय रोवून, पाठ सरळ ठेवून, मांड्यांच्या जोरावर उचलायचं. हाताने उचलायला गेलं तर दोन दिवसांत पाठ धरते. पुढे रोइंगच्या प्रशिक्षकांनी त्याला जे शिकवलं, त्यातलं निम्मं हेच असणार. वल्हं हाताने ओढलेलं दिसतं, पण जोर सगळा पायांचा असतो.

शाळा आणि मजुरी सोबतच चालली. पेट्रोल पंपावर काम केलं, लग्नसराईत वाढप्याचं केलं. २०११ मध्ये वडील गेले आणि घराचा भार थोरल्या मुलावर आला. आमच्या भागातही अशा घरातल्या मुलाला एकच सरळ रस्ता दिसतो, भरतीचा. पहाटे पाचला हायवेच्या कडेने पळणारी पोरं मुक्ताईनगरपासून चाळीसगावपर्यंत कुठेही दिसतात. दत्तू २०१२ मध्ये सैन्यात लागला. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, म्हणजे बॉम्बे सॅपर्समध्ये. तिथे त्याची उंची कुदरत अली या प्रशिक्षकांच्या नजरेत भरली.

रोइंगमध्ये उंची हे भांडवल आहे. हात-पाय लांब असले की वल्हं मागून लांब घेता येतं आणि पुढे लांब ढकलता येतं, प्रत्येक फटक्याला होडी थोडी जास्त सरकते. दोन किलोमीटरच्या शर्यतीत दोनशेवर फटके पडतात, तेव्हा त्या थोड्याचा हिशेब मोठा होतो. पण या उंच जवानाला पाण्याची भीती होती. तळेगाव रोहीत पोहायला शिकायला पाणी होतं कुठे? विहिरीत पाणी लागलं की खोदणाऱ्याचं काम संपतं आणि तो पुढच्या कोरड्या खड्ड्याकडे जातो.

पुण्याला दापोडीजवळ सैन्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सीएमई. त्याच्या आवारात रोइंगसाठी बांधलेलं सरळ, लांब पाणी आहे आणि आर्मी रोइंग नोड नावाचं केंद्र आहे. पुण्याला रोइंग नवं नाही. इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबची रेगाटा १९२८ पासून मुळा-मुठेवर होत आली आहे आणि साहेबांचे बोट क्लब त्याहून जुने. पण तो खेळ होता विद्यार्थ्यांचा आणि अधिकाऱ्यांचा, संध्याकाळच्या वेळेचा. दापोडीला जवानांची ती नोकरी झाली. पहाटे उठून होडी उचलायची, पाण्यात घालायची, दुपारी यंत्रावर वल्ही मारायची, रात्री मेसमध्ये पोटभर जेवायचं आणि महिन्याच्या शेवटी पगार घ्यायचा. या यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टी मला सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात.

आता ती होडी. दत्तूचा प्रकार सिंगल स्कल्सचा, म्हणजे एक माणूस आणि दोन वल्ही. होडीची लांबी आठ मीटरच्या वर, रुंदी जेमतेम फूटभर आणि वजन चौदा किलोच्या आसपास. एवढ्या लांब वस्तूचं एवढंच वजन म्हटल्यावर तिची भिंत किती पातळ असेल याचा अंदाज यावा. चुकीच्या ठिकाणी पाय पडला तर आरपार जातो. बसायची जागा रुळांवर पुढेमागे सरकते, पाय बुटांत अडकवलेले असतात आणि ते बूट होडीला जडवलेले असतात. खेळाडू जिकडे जातो तिकडे त्याची पाठ असते. शेवटची रेषा त्याला दिसत नाही, मागे पडलेले दिसतात. जो पुढे आहे त्याला सगळे दिसतात आणि जो शेवटी आहे त्याला कुणीच दिसत नाही.

ही होडी स्वतःहून पाण्यावर उभी राहत नाही. दोन्ही बाजूंना पसरलेली वल्हीच तिला तोलून धरतात. एक हात सुटला, एक वल्हं उचलायला क्षणभर उशीर झाला, की माणूस पाण्यात. नवशिके पहिले कित्येक दिवस दुसरं काही करतच नाहीत, नुसते पडतात आणि चढतात. पाण्याला घाबरणाऱ्या माणसाने हा प्रकार निवडला, किंवा त्याच्यासाठी निवडला गेला. मग तो त्यात वर्षा-दोन वर्षांत राष्ट्रीय पातळीवर आला आणि २०१५ मध्ये बीजिंगला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने रौप्यपदक घेतलं. वल्हं धरायला शिकून तीन वर्षं झाली होती.

२०१६ च्या एप्रिलमध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजूला आशिया-ओशनियाची ऑलिंपिक पात्रता स्पर्धा होती. दत्तू तिथे दुसरा आला आणि रिओचं तिकीट पक्कं झालं. त्याच सुमारास त्याची आई अपघातात डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळली होती आणि मुलाला ओळखण्याच्या स्थितीत नव्हती. मुलगा ऑलिंपिकला निघाला आहे हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. वर्तमानपत्रांनी या एका गोष्टीवर रकानेच्या रकाने लिहिले. मी इथे एवढंच नोंदवून पुढे जातो, कारण त्याने तलावात जे केलं त्याकडे त्या रकान्यांत फार कमी लक्ष गेलं.

रिओचा तो लागोआ तलाव डोंगरांच्या कुशीत आहे आणि वारा सुटला की त्याच्यावर लाटा उठतात. ६ ऑगस्टला, पहिल्याच दिवशी, सर्बियाच्या दोघांची होडी शर्यतीत उलटली. दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे सगळ्या शर्यती रद्द कराव्या लागल्या. त्या पहिल्या दिवशीच्या उसळत्या पाण्यात दत्तूने पहिली फेरी ७ मिनिटं २१.६७ सेकंदांत पूर्ण केली, गटात तिसरा आला आणि उपउपांत्य फेरीत गेला.

इथे रोइंगची रीत समजून घ्यायला हवी, नाहीतर ‘तेरावा’ या आकड्याचा अर्थ लागत नाही. उपउपांत्य फेरीत चोवीस होड्या असतात, सहा-सहांचे चार गट. प्रत्येक गटातले पहिले तीन वरच्या गाळ्यात जातात, तिथून पदकं आणि पहिले बारा क्रमांक ठरतात. उरलेले तिघे खालच्या गाळ्यात. खालच्या गाळ्यातल्या माणसाने पुढे काहीही केलं, जगातला सर्वांत वेगवान वेळ नोंदवला, तरी तेराव्याच्या वर त्याला जाता येत नाही. दत्तू आपल्या गटात ६ मिनिटं ५९.८९ सेकंदांत चौथा आला. म्हणजे एका जागेने दार बंद झालं.

पुढच्या दोन शर्यती बऱ्याच जणांनी नावापुरत्या खेळल्या असत्या. पदक नाही, टीव्हीवर कुणी दाखवत नाही, घरी आई त्या अवस्थेत. दत्तूने खालच्या गाळ्याच्या उपांत्य फेरीतून पुढची जागा काढली आणि ‘फायनल सी’ या नावाच्या शर्यतीत, जिच्यासाठी स्टँडमध्ये फारसं कुणी थांबत नाही, तो पहिला आला. वेळ ६ मिनिटं ५४.९६ सेकंद. खालच्या गाळ्यातून जो सर्वांत वरचा क्रमांक मिळणं शक्य होतं, तो त्याने घेतला. सुवर्णपदकासाठी न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन हे दोघेही ६ मिनिटं ४१.३४ सेकंदांतच पोचले आणि छायाचित्र बघून ड्रायस्डेलला सुवर्ण दिलं गेलं. वारा आणि पाणी दर शर्यतीला बदलत असल्याने वेळांची तुलना जपूनच करावी लागते. तरीही चार वर्षांपूर्वी वल्हं न पाहिलेला माणूस आणि अनेक ऑलिंपिक पचवलेला ड्रायस्डेल यांच्यात साडेतेरा सेकंदांचं अंतर होतं, हे डोळ्यांवर येतंच.

त्या वर्षी भारताचं रिओत दोनच पदकांवर भागलं. साताऱ्याची ललिता बाबर स्टीपलचेसमध्ये दहावी आली. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पट्ट्यातली कविता राऊत मॅरेथॉन धावली. म्हणजे एकट्या नाशिक जिल्ह्याने दोन माणसं पाठवली, एक डोंगरावरची आणि एक दुष्काळातली. आमच्या दोन नद्यांचं काही खरं नाही.

पाण्याच्या काठी खेळाडू आपोआप उगवत नाहीत, याचा याहून ठसठशीत पुरावा जर्मनीत आहे. तिथला प्रकार वेगळा, कनू स्लालम. खळाळत्या पाण्यावर दोरीने टांगलेल्या काठ्यांच्या जोड्या असतात, त्यांना गेट म्हणतात. साधारण वीस ते पंचवीस गेटमधून होडी काढायची. हिरवी-पांढरी गेट प्रवाहाबरोबर, लाल-पांढरी प्रवाहाच्या उलट. काठीला होडी, वल्हं किंवा नुसता खांदा लागला तरी दोन सेकंद दंड, गेट चुकलं तर पन्नास. होडी साडेतीन मीटरची, वजन आठ-नऊ किलो. शर्यत दीड-पावणेदोन मिनिटांत संपते. लाल गेटापाशी खेळाडू वल्ह्याचं पातं पाण्यात रोवून धरतो आणि होडी त्या पात्याभोवती फिरवून घेतो. चांगदेवचा पोरगा थर्माकोलवर करतो ते हेच, फक्त त्याच्या खालचं पाणी उभं असतं.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. त्यासाठी पश्चिम जर्मनीने आउग्सबुर्गला लेख नदीच्या काठी सिमेंटचा एक वळणावळणाचा कालवा बांधला. पूर्व जर्मनीने काय करावं? त्यांनी त्स्विकाऊ या आपल्या कोळशाच्या खाणींच्या शहरात त्या कालव्याची नक्कल बांधली आणि खेळाडूंना तिच्यावर घोटून घेतलं. आउग्सबुर्गला स्लालमची चार सुवर्णपदकं होती. चारही पूर्व जर्मनीने नेली. झीगबर्ट हॉर्न, राइनहार्ड आयबेन, वाल्टर हॉफमान आणि रोल्फ-डीटर आमेंड ही जोडी आणि वीस वर्षांची आंगेलिका बामान. कालवा पश्चिमेचा, पदकं पूर्वेची. त्यानंतर खर्चाच्या नावाखाली खेळच ऑलिंपिकमधून काढला गेला तो थेट १९९२ ला बार्सिलोनात परत आला. बामान १९७७ मध्ये पुन्हा जगज्जेती झाली, पण ऑलिंपिकमध्ये तिला दुसऱ्यांदा उतरायला मिळालंच नाही.

याच खेळातली अलीकडची जर्मन खेळाडू रिकार्डा फुंक. जन्म १९९२, आर नदीच्या खोऱ्यातल्या बाड नॉयनार-आरवायलर गावचा. बाड क्रॉयत्सनाखच्या क्लबमध्ये शिकली, पुढे सरावासाठी आउग्सबुर्गला गेली. रिओच्या वेळी देशाला एका प्रकारात एकच जागा होती आणि निवड चाचणीत ती दुसरीकडे गेली. फुंक घरी राहिली. टोकियोचं ऑलिंपिक २०२१ वर ढकललं गेलं. त्या वर्षी १४ आणि १५ जुलैच्या रात्री आर नदीला जो पूर आला त्यात खोऱ्यातली शंभरावर माणसं गेली, पूल गेले, तिचं गाव चिखलात बुडालं. २७ जुलैला तिने टोकियोत १०५.५० सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स तिच्याहून वेगाने आली होती, पण दोन काठ्यांना स्पर्श झाल्याने चार सेकंदांचा दंड बसला आणि फॉक्स कांस्यावर गेली. फुंक २०२१ आणि २०२२ ला जगज्जेती झाली. २०२४ च्या पॅरिसला मात्र अंतिम फेरीत तिचंच एक गेट चुकलं. पन्नास सेकंदांचा दंड आणि पदकांच्या यादीतून नाव बाहेर.

ही बाई करते काय, म्हणजे पोट कशावर चालतं? ती जर्मन सैन्यात आहे, खेळाडू-सैनिक म्हणून. जर्मनीत स्लालमच्या होडीत बसणारी कितीतरी मंडळी सैन्याच्या किंवा पोलिसांच्या पगारावर आहेत. श्रीमंत देश, दारात कालवा, शंभर वर्षांचे क्लब, आणि तरीही वर्दीशिवाय भागत नाही. दत्तू भोकनळ आणि रिकार्डा फुंक यांच्यात भाषा, पाणी, होडी काहीच सारखं नाही, पण पगारपत्रक सारखं आहे. जिद्दीच्या कहाण्यांत हे पान नेहमी गळतं.

सैन्य नाही तर राज्य सरकारही हे करू शकतं. त्याचं उदाहरण बघायला आम्हाला जर्मनीला जायला नको. इच्छापूर आलं की मध्य प्रदेश लागतो. बऱ्हाणपूर, अशीरगड, खंडवा, सनावद, बडवाह करत नर्मदेकाठी महेश्वरला जायचं. अहिल्याबाई होळकरांची राजधानी. चांदवडचा रंगमहालही होळकरांचाच, म्हणजे दत्तूच्या तालुक्याचं आणि महेश्वरचं जुनं नातं आहे. घाटापासून खाली गेलं की सहस्रधारा लागते. नर्मदा तिथे काळ्या खडकांत फुटते आणि शेकडो ओहोळांनी धावते. कुणी कालवा बांधायची गरजच नाही. त्या खडकांवर आता तारा ताणल्या जातात आणि तारांना हिरव्या-लाल काठ्या लोंबतात. २०२३ च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धांचं स्लालम तिथे झालं. त्याच वर्षीच्या हांगचौ एशियाडला भारताच्या स्लालम संघात शिखा चौहान, विशाल वर्मा यांच्याबरोबर हितेश केवट आणि शुभम केवट होते. केवट हे नर्मदेवर पिढ्यान्‌पिढ्या नाव चालवणाऱ्यांचं आडनाव. भोपाळच्या मोठ्या तलावावर राज्याची जलक्रीडा अकादमी आहे, तिथे राहणं, खाणं, होडी, प्रशिक्षक हे सगळं सरकार बघतं. तापीवरचे भोई आणि नर्मदेवरचे केवट यांच्या हातांत मला तरी फरक दिसत नाही. त्यांच्या राज्यांत आहे.

आता दत्तूच्या कारकिर्दीचा दुसरा भाग, जो सांगायला आपल्याकडे फारसं कुणी उत्सुक नसतं.

२०१८ चं एशियाड इंडोनेशियात होतं आणि रोइंग पालेमबांगच्या जकाबारिंग तलावावर. दत्तू दोन प्रकारांत उतरला. २३ ऑगस्टला सिंगल स्कल्सची अंतिम शर्यत. त्याच्याकडून पदकाची खात्री धरली होती. तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. अंगात ताप होता. त्या दिवशी भारतीय रोइंगच्या हाती काहीच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वाड्रपल स्कल्स होती. चार माणसं, प्रत्येकाची दोन वल्ही, एकूण आठ पाती. चार जणांची नाव एकट्याच्या नावेपेक्षा वेगवान असते आणि जास्त निर्दयही, कारण एकाचं पातं पाण्यात पाव सेकंद उशिरा गेलं तरी चौघांची लय मोडते. आदल्या दिवशी कोण हरलं, कोण आजारी होतं, हे तिथे लपवता येत नाही. स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग या चौघांनी ती शर्यत ६ मिनिटं १७.१३ सेकंदांत जिंकली. यजमान इंडोनेशिया दुसरा. २०१० ला ग्वांगचौला बजरंगलाल ताखर याने भारताला रोइंगचं पहिलं आशियाई सुवर्ण दिलं होतं, त्यानंतर आठ वर्षांनी हे आलं. त्याच दिवशी भारताला आणखी दोन कांस्यपदकं मिळाली. तलावाच्या काठावर एका रात्रीत सगळं चित्र पालटलं.

आणि मग मार्च २०१९. रोइंग फेडरेशन ऑफ इंडियाने दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. कारण २४ तारखेचं सुवर्ण नव्हे, २३ तारखेची शर्यत. फेडरेशनचं म्हणणं होतं की त्याने सिंगल स्कल्स मध्येच सोडली, वल्हवणं थांबवलं. दत्तूचं म्हणणं होतं की होडी उलटली. टोकियोच्या पात्रता स्पर्धा तोंडावर होत्या आणि भारताचा सर्वांत अनुभवी स्कलर काठावर बसला. जानेवारी २०२० मध्ये फेडरेशनने बंदी उठवली. त्याच वर्षी केंद्र सरकारने त्याला अर्जुन पुरस्कार दिला. ज्या एशियाडसाठी बंदी आली, त्याच एशियाडचं सुवर्ण पुरस्काराच्या कागदपत्रांत सर्वांत वर असणार.

शिस्त हवी, हे मान्य. देशाची जर्सी घालून कुणी मनात आलं म्हणून थांबू नये, हेही मान्य. पण चोवीस तासांत तोच माणूस, तसाच आजारी, चौघांच्या नावेत बसून आपल्या वाट्याची वल्ही पूर्ण ओढतो आणि सुवर्ण आणतो, तेव्हा आदल्या दिवशीच्या थांबण्याला दोन वर्षं मोजायची का? रोइंगमध्ये एका माणसाची भरात असलेली वर्षं किती असतात? अठ्ठावीसाव्या वर्षी पडलेला दहा महिन्यांचा खंड म्हणजे हातावरचे घट्टे गेले, छातीतला दम गेला, संघातली जागा गेली. विहिरीच्या कामात एक म्हण नाही पण एक सवय असते. सुरुंग फुटला नाही तर लगेच खाली उतरून बघायचं नाही, थोडं थांबायचं. फेडरेशन सात महिने थांबलं आणि मग स्वतःच सुरुंग उडवला.

टोकियोला मे २०२१ च्या पात्रता स्पर्धेतून अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग ही जोडी गेली. लाइटवेट डबल स्कल्समध्ये ती अकरावी आली. भारताची ऑलिंपिकमधली ही सर्वांत चांगली कामगिरी, दत्तूच्या तेराव्याच्याही वर. पॅरिसला सिंगल स्कल्समध्ये बलराज पंवार गेला. तिघेही सैन्याचे, तिघांचीही घडण पुण्यातली. एक राजस्थानचा, एक उत्तर प्रदेशचा, एक हरियाणाचा. पुण्याचं पाणी महाराष्ट्रातलं, पण त्यावर घडलेला या राज्याचा शेवटचा ऑलिंपिक वल्हेकरी अजून तळेगाव रोहीचाच आहे.